प्रोट्रॅक्टेड म्हणजे नक्की काय?

प्रश्न: इंग्रजी बातम्यांत सारखं प्रोट्रॅक्टेड वॉर, प्रोट्रॅक्टेड निगोशिएशन्स असं वाचतो, मग नुसतं लाँग का नाही म्हणत?

उत्तर १: लाँग म्हणजे फक्त लांब. प्रोट्रॅक्टेड म्हणजे संपायला हवं होतं पण रेंगाळत राहिलं असं, म्हणून युद्ध, खटला, आजारपण, वाटाघाटी यांनाच शोभतो. रस्ता किंवा दोरी प्रोट्रॅक्टेड म्हणू नका हं.

उत्तर २: बरोबर, आणि मूळ लॅटिन आहे, प्रो म्हणजे पुढे नि ट्राहेरे म्हणजे ओढणं, ट्रॅक्टरही त्याच धातूचा! मला हे फार आवडतं, कारण आपणही विषय ताणला असंच म्हणतो ना.

प्रश्नकर्ता: मग प्रोलाँग्ड?

उत्तर १: तो जरा तटस्थ, प्रोलाँग्ड अप्लॉज, म्हणजे बराच वेळ चाललेल्या टाळ्या, चालतं, तिथे प्रोट्रॅक्टेड म्हटलं की कंटाळा डोकावतो.