अनुभव धागा : रुंद चौक, संपत आलेला सिग्नल आणि सायकल

सिग्नलच्या वेळा बहुतेक ठिकाणी मोटारीचा वेग धरून बसवलेल्या असतात. म्हणूनच रुंद चौकात सायकल मधोमध असतानाच आडवी वाहतूक सुटते. तुम्ही कसं ओलांडता? आकडे, गिअर, थांबायची जागा, सगळं नेमकं लिहा.

पुणे, रोजचा ऑफिसचा रस्ता
ताशी 15 किमी म्हणजे सेकंदाला जेमतेम 4 मीटर. 40 मीटरच्या चौकाला चालत्या सायकलीवर 10 सेकंद लागतात, थांबून निघालात तर 12. पिवळा 3 सेकंद आणि सगळीकडे लाल 2 सेकंद धरा. हिरवा संपता संपता शिरलेली सायकल तेवढ्यात 20 मीटरच जाते, म्हणजे अगदी मध्यावर असते. त्यामुळे टायमर 10 च्या खाली गेला की मी शिरत नाही. कागदावर 5 सुद्धा पुरतात, पण आडव्या रस्त्यावरचे दुचाकीवाले लाल असतानाच पुढे सरकतात. ती 5 सेकंद आपली धरायचीच नाहीत.

टायमर नसेल आणि दुरूनच हिरवा दिसत असेल, तर तो संपत आलाय असं समजून चाला. थांबायचं ठरलं की आधी मागे बघा आणि हात दाखवा, मग ब्रेक. मागचा बसवाला सिग्नल काढायच्या घाईत असतो.

गिअरवाल्यांसाठी
वरच्या 12 सेकंदांतली जास्तीची 2 निघतानाच जातात. थांबण्याआधी, पेडल फिरत असतानाच गिअर हलका करा : 3×7 ला (पुढे 3, मागे 7 गिअर) पुढे 2, मागे 3. जड गिअरमध्ये थांबलात तर निघताना जोर लावून गिअर बदलावा लागतो, आणि चेन उडते ती नेमकी चौकाच्या मध्यावर. थांबल्यावर पेडल उलटं फिरवा. उजवं पेडल पुढे आणि आडव्यापेक्षा थोडं वर हवं, म्हणजे पहिल्याच दाबाला सायकल निघते. साध्या सायकलीलाही हे जमतं.

ठाणे
बस किंवा ट्रकच्या डाव्या कोपऱ्याशी कधीही थांबू नका. तो डावीकडे वळला तर त्याला तुम्ही दिसतच नाही. एक तर त्याच्या मागे राहा, नाही तर ड्रायव्हरला समोरून दिसाल इतकं पुढे. उजवीकडे वळायचं असेल तर दोन टप्पे करा : सरळ पलीकडे जा, डाव्या कोपऱ्यात सायकल उजवीकडे तोंड करून उभी करा, मग त्या रस्त्याच्या सिग्नलवर निघा. एक सिग्नल जास्त लागतो, पण भर वाहतुकीत लेन कापावी लागत नाही.

सॅन होजे, कॅलिफोर्निया
इथे 2009 पासून नव्या सिग्नल-यंत्रणेसाठी सायकलचा हिशोब नियमातच आहे : सुरुवातीला 6 सेकंद, अधिक चौकाची रुंदी आणि सायकलची लांबी भागिले सेकंदाला साधारण 4.5 मीटर. 40 मीटरला हे 15 सेकंदांच्या वर जातं. हिरवा, पिवळा, सगळीकडे लाल मिळून किमान एवढा वेळ हवा. तुमच्या महापालिकेकडे अर्ज कराल तेव्हा हाच हिशोब मांडा.

पण रस्त्यातल्या सेन्सरला वाहन कळलं की सिग्नल बदलतो, तर त्या सेन्सरला सायकल कळायला हवी. डांबरात कापलेल्या रेषा दिसतात, त्याखाली तारेचं वेटोळं असतं. दोन्ही चाकं रेषेवर ठेवा, वेटोळ्याच्या मधल्या मोकळ्या भागात नाही. ॲल्युमिनियमची रिम त्याला ओळखता येते, कार्बनची बहुधा नाही. तेव्हा मग पादचाऱ्यांचं बटण दाबायचं.

पावसाळ्यासाठी
झेब्राचे पट्टे आणि गटाराची झाकणं ओली असताना हँडल सरळ ठेवा, त्यांच्यावर ब्रेक नको. रिम-ब्रेक ओले असतील तर चौकाच्या 30-40 मीटर आधीच हलके दाबून रिम पुसून घ्या.