बहुवारिक (पॉलिमरचे) नॅनोकण पेशीत शिरतात ते आकारमानामुळे की पृष्ठभागामुळे?

रंकाळा: शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञान शिकणाऱ्या माझ्या भाच्याने प्रकल्पासाठी कायटोसान या धन प्रभाराच्या बहुवारिकाचे आवरण असलेले, पीएलजीए या शरीरात विघटन होणाऱ्या बहुवारिकाचे औषधवाहू कण निवडले असून, आवरणामुळे मिळणारा धन प्रभारच त्याला निर्णायक वाटतो. मला हे मान्य नाही. आधी आकारमान ठरवावे. क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या आधाराने पेशीपटलावर होणारी खळगी साधारण 100 ते 120 नॅनोमीटरची असते, त्यामुळे मायक्रोमीटरभर (1,000 नॅनोमीटर) कणाला ती वाट बंदच असते. कॅको-2 या आतड्याच्या पेशींवरील 1997 सालच्या प्रयोगात 100 नॅनोमीटरचे पीएलजीए कण 1 मायक्रोमीटरच्या कणांपेक्षा वजनाने अडीचपट आत गेले होते.

राजारामपुरी: आपण बनवलेला कण पेशीला जसाच्या तसा भेटतच नाही, ही गोष्ट आपल्या मांडणीत सुटली आहे. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) पडताच त्यावर अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, अपोलिपोप्रोटीन अशी प्रथिने बसतात, आणि पेशीचा संबंध येतो तो मुख्यतः या थराशी. पीईजी या पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाचे आवरण दिल्यास प्रथिने कमी चिकटतात व भक्षकपेशी कण कमी गिळतात. मात्र ज्या पेशीत औषध पोहोचवायचे, तीही तो कमीच घेते. आकारमान तेच असताना एवढा फरक पडत असेल, तर पृष्ठभागाला दुय्यम कसे म्हणावे?

रंकाळा: पण मग धन प्रभाराचा आधार आपणच काढून घेतलात, कारण ऋण प्रभाराची प्रथिने बसल्यावर तो बहुधा उरतच नाही. शिवाय तीव्र धन प्रभार पेशीपटलाला इजा करतो, आणि मरणाऱ्या पेशीत शिरलेला कण हे यश मानता येणार नाही.

राजारामपुरी: म्हणूनच झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरील प्रभाराचे माप) केवळ पाण्यात मोजून थांबू नये, सीरममध्ये ठेवल्यानंतरही मोजावे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

शाहूपुरी: दोघेही ‘आत गेले’ हे गृहीत धरत आहात, आणि खरी अडचण तिथेच आहे. फ्लो सायटोमीटर हे उपकरण कणात भरलेल्या चमकणाऱ्या रंगाची चमक पेशीगणिक मोजते. पटलाला बाहेरून चिकटलेला कण आणि कणातून गळून पेशीत झिरपलेला रंगही त्याला आत गेल्यासारखाच दिसतो. 4 अंश सेल्सियसला पेशीची गिळण्याची क्रिया जवळजवळ थांबते, तेव्हा त्या तापमानाला उरणारी चमक वेगळी काढल्याशिवाय कोणताही दावा करू नये. रंकाळा यांनी दिलेल्या अडीचपटीबाबतही एक विचारायचे आहे: त्याच प्रयोगात कणांच्या संख्येने मोजल्यास फरक सुमारे 2,700 पट होता. औषधाची मात्रा वजनावर ठरते, पण पटलावरच्या खळग्या संख्येने भरतात. मग आपण यांपैकी कोणता आकडा धरणार आहात?