दादाची दारू एकदम बंद करायचं घरात ठरलंय, कोल्हापुरात आधी कुठं दाखवू?

नमस्कार मंडळी,

माझा थोरला भाऊ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. बरीच वर्षं रोज पितो. आता सकाळी चहाचा कप हातात धरवत नाही, एवढा थरथरतो. एक नाइन्टी पोटात गेली की हात स्थिर. आईनं ठरवलंय, येत्या रविवारी त्याला जोतिबाला न्यायचं, गुलालाची शपथ घालायची आणि घरी आणून खोलीत ठेवायचं, बाहेर सोडायचंच नाही. शिवाय वहिनीला कुणीतरी आमटीत कालवायची पावडर दिलीय.

मला या दोन्हींची धास्ती वाटते. हात असे थरथरतात म्हणजे शरीर दारूवरच चालायला लागलंय. अशा माणसाची दारू अचानक तोडली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. त्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात ताप, दरदरून घाम, बरळणं, नसलेली माणसं दिसणं सुरू होऊ शकतं. तेव्हा दवाखाना नाही गाठला तर माणूस दगावू शकतो. आमच्याकडं अशा वेळी बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकतील आणि वेळ जाईल, हे मला आत्ताच दिसतंय.

पावडरीच्या पुडीवर नाव नाही, काही नाही. दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिराम देतात, पण रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनं. ते पोटात असताना प्यायलं की तोंड लाल होतं, उलट्या, धडधड, बीपी कोसळतं. पुडीत तेच असेल आणि दादा कामावरून येताना पिऊन आला तर?

सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) मानसोपचार ओपीडीत कुणी नेलंय का? लगेच दाखल करून घेतात का? आणि आईला कसं समजवायचं? तिच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाहीये मला.

प्रतिसाद

शपथ रद्द करा म्हणू नका. "आधी दवाखाना, मग जोतिबा" एवढंच आईंना सांगा. आमच्या मामांच्या वेळी आजीला हे लगेच पटलं होतं. तोवर दारू घरच्या घरी तोडू नका आणि पुडी आजच टाकून द्या.

एक गोष्ट फार कुणाला ठाऊक नसते. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व फार कमी पडू शकतं. त्यानं तोल जातो, नजर स्थिर राहत नाही, विसरायला होतं, आणि लोक म्हणतात पिऊनच आलाय. अशा माणसाला अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. बी-१ चं इंजेक्शन आधी किंवा सोबत लागतं. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, हे लपवू नका. आमच्याकडं लाजेखातर वहिनी "कधीतरी घेतात" म्हणायच्या, त्यातच वेळ गेला.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आज रात्रीच लावा. फिट आली किंवा बरळायला लागला तर थेट १०८.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. वहिनीनं पुडी टाकून दिली. हेल्पलाइनला आता फोन लावतोय. दादा स्वतः यायला तयार नसेल तर आधी घरच्यांनी एकटं जाऊन डॉक्टरांशी बोललेलं चालतं का, हे कुणाला अनुभवानं माहीत असेल तर सांगा.