हुजूर, मजूर आणि तुमचा 'तो' दिवस (अनुभव धागा)

२२ मे २०२४ ला संध्याकाळी मी वरणाला फोडणी देत होते आणि टीव्हीवर ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभे राहून ४ जुलैची निवडणूक जाहीर करत होते. छत्री नाही, सूट चिंब. फाटकाबाहेर कुणीतरी मजूर (लेबर) पक्षाचं १९९७ मधलं प्रचारगीत इतक्या जोरात लावलेलं की त्यांचं बोलणं धड ऐकू येईना. लेक हसून हसून लोळली. मीही हसले. मग लक्षात आलं की कोण जिंकणार याची मला काडीचीही उत्सुकता उरलेली नाही.

२००५ मध्ये मी नवी आले तेव्हा असं नव्हतं. भारतीय पासपोर्टवर इथे खासदार निवडता येतो (कॉमनवेल्थची कृपा) हे कळल्यावर मी सांगलीला बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, "दीडशे वर्षं त्यांनी आपले कारभारी नेमले, आता तू त्यांचा नेम." त्या दिवशी मी मतदानाला चक्क साडी नेसून गेले होते.

या जून महिन्यात 'ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स' या जनमत पाहणीचा अहवाल आला. पक्षहितापेक्षा देशहित आधी पाहील असा विश्वास कुठल्याही पक्षाच्या सरकारबद्दल जवळपास कधीच वाटत नाही, असं म्हणणारे ४५ टक्के निघाले. या पाहणीतला तोवरचा उच्चांक. मी त्या ४५ मध्ये नेमकी कधी जाऊन बसले, मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं का? विश्वास उडाला तो दिवस सांगा, नावाऐवजी गाव लिहून. विश्लेषण नको, ते टीव्हीवर भरपूर आहे. कुणाला मत द्या हेही सांगू नका.

उत्तर लंडन, १९६८ पासून

माझा दिवस मला तारखेनिशी आठवतो, आणि एक नाही, दोन आहेत.

मी २२ वर्षांची नवी नवरी म्हणून आले त्याच वर्षी एप्रिलमध्ये एनॉक पॉवेलचं बाहेरून आलेल्यांविरुद्धचं भाषण झालं. तो माणूस हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा. पक्षनेता हीथने त्याला दुसऱ्या दिवशी पदावरून काढलं हे खरं, पण आमच्या घरात हुजूर पक्षाचं नाव निघणं तिथेच संपलं. पुढची ३५ वर्षं आम्ही दोघांनी डोळे मिटून मजूर पक्षाला मत दिलं. थॅचरबाईंच्या काळातही. १ मे १९९७ ला रात्रभर जागलो, पहाटे शिरा केला, शेजारच्या आयरिश म्हातारीलाही वाटीभर दिला. १८ वर्षांनी आपलं सरकार येत होतं!

मग इराक. १५ फेब्रुवारी २००३, शनिवार. मरणाची थंडी. थर्मासमध्ये चहा आणि पिशवीत ठेपले घेऊन आम्ही एम्बँकमेंटपासून हाइड पार्कपर्यंत चाललो. मी ५७ ची होते, आयुष्यातला पहिला मोर्चा. मुंगी शिरायला जागा नव्हती. यजमान म्हणाले, "एवढी माणसं बघून तरी ऐकतील." महिन्याभरानंतर लढाई सुरू झाली. घरी आलेलं पक्षवर्गणीचं पत्र यांनी एक शब्द न बोलता चुलीत घातलं असतं, पण गॅस होता, म्हणून नुसतं फाडलं.

२०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅटना दिलं. ते युद्धाच्या विरोधात होते, आणि विद्यापीठाची फी वाढवणार नाही असं लिहून, सही करून, फोटो काढून सांगत होते. माझी नात तेव्हा १६ ची. सत्तेत वाटा मिळाला आणि फी तिप्पट झाली, ९,००० पौंडांपर्यंत. लागू कधीपासून? २०१२. नात कधी गेली? २०१२. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून प्यावं, तर ताकही उकळतं निघालं.

हे आता नाहीत. मी मत देते अजून, पण शिरा करत नाही.

रेडिंग (धागाकर्ती)

काकू, शिऱ्याची गोष्ट वाचून ऑफिसात डोळे पुसले.

हन्सलो, २०११ पासून

माझा दिवस शुक्रवार, २३ सप्टेंबर २०२२. मी त्यांच्याच बाजूचा होतो, लपवत नाही. पैशाचं काही कळत असेल तर हुजूर पक्षालाच, अशी माझी समजूत. घराचं कर्ज ३ लाख १० हजार पौंड, दोन वर्षांचा ठरीव दर १.६ टक्के, तो नोव्हेंबरात संपणार होता. अर्थमंत्री क्वार्टेंग यांनी ते मिनी बजेट मांडलं तेव्हा मी कँटीनमध्ये होतो, करकपातीच्या बातमीला टाळीही दिली असेल. सोमवारी ब्रोकरचा फोन आला: बोलणं झालेला दर बँकेने मागे घेतला आहे, नवा सहाच्या आसपास. हप्ता साडेबाराशेवरून जवळपास दोन हजार झाला. पंतप्रधान लिझ ट्रस ४९ दिवसांत गेल्या. माझा हप्ता गेला नाही.

बायको अजून विचारते, "टाळी कुठल्या हाताने दिलीस?"

मँचेस्टर, मूळ डोंबिवली

४ ऑक्टोबर २०२३. आमच्या शहरापर्यंत येणारी एचएस२ ही वेगवान रेल्वे रद्द झाल्याची घोषणा सुनक यांनी आमच्याच शहरात येऊन, हुजूर पक्षाच्या अधिवेशनात केली. अधिवेशन ज्या इमारतीत होतं ते पूर्वीचं रेल्वे स्टेशन. मला आणखी काही म्हणायचं नाही.

कॉव्हेंट्री, जन्म इथलाच

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, आई तपासून देते आहे.

सुनक पंतप्रधान होणार हे ठरलं ते २०२२ च्या दिवाळीतच. नाशिकला आजीने सोसायटीत पेढे वाटले. मी तिला सांगायचे, अगं, आपण त्यांना मत देत नाही. ती म्हणायची, "मत वेगळं, पेढा वेगळा."

माझं लग्न नाशिकच्याच मुलाशी ठरलं होतं, मे २०२४ चा मुहूर्त. नवऱ्याला आणायचं तर माझा पगार वर्षाला १८,६०० पौंड हवा होता. मी डेंटल नर्स, मला २४,००० मिळतात, म्हणून निर्धास्त होते. ४ डिसेंबर २०२३ ला संध्याकाळी बसमध्ये फोनवर बातमी वाचली: आता ३८,७०० लागणार. माझा स्टॉप मागे गेला, कळलंच नाही. पुढे आरडाओरडा झाल्यावर आकडा २९,००० वर आला, ११ एप्रिलपासून लागू. म्हणजे तरीही माझ्या आवाक्याबाहेर. मुहूर्त, हॉल, बँड सगळं रद्द. फेब्रुवारीत रजिस्टर लग्न, त्याची टीबीची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, आणि ९ एप्रिलला रात्री अर्ज गेला. माझ्या हातावर मेंदीसुद्धा नव्हती. आजीची तेवढी एकच तक्रार आहे.

मला काय लागलं, सांगते. गेल्या काही वर्षांत गृहखात्यात प्रीती पटेल होत्या, सुएला ब्रेव्हरमन होत्या, त्यांच्यानंतर क्लेव्हर्ली आले, आणि वर सुनक. सगळे आमच्यासारख्याच घरांतले, कुणाचे आईवडील आफ्रिकेतून आलेले, कुणाचे मॉरिशसमधून. शिडी चढले आणि वर ओढून घेतली. मागच्या आठवड्यात दुसऱ्या पक्षाचा माणूस दारात आला, त्याला विचारलं तुमचं सरकार हा आकडा खाली आणणार का. म्हणाला, "तज्ज्ञांकडून तपासून घेऊ." मी दार लावलं. हळूच लावलं, आई बघत होती.

न्यूटन एक्लिफ, काउंटी डरहम

माझा नाही, माझ्या शिफ्टमधल्या जोडीदाराचा दिवस सांगतो. चालेल ना?

आमचा मतदारसंघ २०२४ पर्यंत सेजफिल्ड होता. टोनी ब्लेअर यांचा. १९३५ पासून मजूर पक्षाकडे. जोडीदाराचे आजोबा कोळशाच्या खाणीत होते, त्यांच्या घरात 'टोरी' (म्हणजे हुजूर) हा शब्द मुलांसमोर उच्चारत नसत. तो मला सांगायचा की इथे मजूर पक्षाने गाढव उभं केलं असतं तरी निवडून आलं असतं, आणि एकदोनदा केलंही असावं. २०१६ मध्ये त्याने ब्रेक्झिटला मत दिलं. २०१९ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा हुजूर पक्षाला. मतदान करून आला तो डबा न खाता बसून राहिला, म्हणाला, म्हातारा थडग्यात वळला असेल. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान जॉन्सन स्वतः सेजफिल्डला आले, आभार मानून गेले. 'लेव्हलिंग अप' (मागे पडलेले भाग वर आणणं) हा शब्द आम्ही इतका ऐकला की मशीनचा तोल बिघडला की तोच म्हणतो.

त्याचा दिवस म्हणजे पार्टीगेटच्या, लॉकडाउनमध्ये डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या पार्ट्यांच्या, दंडाची बातमी, एप्रिल २०२२. त्याची आई लॉकडाउनमध्ये गेली. दफनाला मोजकीच माणसं, खुर्च्या लांब लांब. ज्यांनी ते नियम केले त्यांनाच दंड, जॉन्सन आणि सुनक दोघांना. बातमी वाचून तो काही बोलला नाही, हातमोजे काढून टेबलावर नीट एकावर एक ठेवले. आता रिफॉर्म पक्षाच्या नायजेल फराज यांची पत्रकं त्याच्या डब्याच्या पिशवीत दिसतात. मी वाद घालत नाही. घालायला हवा का, हे मला ठरवता येत नाही.

सरे, २०१४ पासून

मी आतली आहे, म्हणजे होते. पाच वर्षं एका पक्षासाठी दारोदार फिरले. पक्ष कुठला ते सांगत नाही, कारण इतर पक्षांतल्या मैत्रिणीही हेच सांगतात.

इथे दारातल्या टपालफटीला आतून ब्रश असतो, बोटं सोलवटून निघतात, आणि पलीकडे कुत्रा असेल तर विचारू नका. म्हणून मुरलेले कार्यकर्ते लाकडी कालथ्याने पत्रक आत ढकलतात. मी घरातला भाकरीचा कालथाच नेत असे. शनिवारी प्रचार, रविवारी त्याच कालथ्यावर धिरडी. ते दिवस छान होते, खोटं का बोलू.

हळूहळू कळत गेलं की आमच्या वॉर्डात काय होतं याने वर कुणालाच फरक पडत नाही. आमची जागा 'सुरक्षित' होती, म्हणजे दुसऱ्यांसाठी सुरक्षित. शनिवारी आम्हाला गाडीत घालून ४० मैलांवरच्या चुरशीच्या मतदारसंघात नेत. माझ्या गल्लीतल्या आजोबांच्या तुटक्या फूटपाथबद्दल मी तीनदा लिहून दिलं. यादीत त्यांच्या नावापुढे फक्त एक अक्षर होतं, आपला की परका. पत्रकावर ते स्तंभांचं चित्र असतं ना, 'इथे फक्त आम्हीच यांना हरवू शकतो', त्यातले स्तंभ मापात नसतात हे मला इंजिनिअर असून दोन वर्षांनी दिसलं.

आणि या वेळी निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवार वरून आला. इथला नाही. पहिल्याच सभेत गावाचं नाव चुकीचं उच्चारलं. मी घरी आले आणि कालथा धुऊन जागेवर ठेवला.

बेसिंगस्टोक, २०१८ पासून

उडदामाजी काळेगोरे, काय निवडावे निवडणाऱ्याने! पण जरा आपल्याकडे पाहा. २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, २०२३ मध्ये दुसरा, धनुष्यबाण एकीकडे, घड्याळ दुसरीकडे. माझ्या वडिलांनी गेल्या महिन्यात ठाण्यात मतदान केलं, केंद्रात पाच मिनिटं यंत्रापुढे उभे होते, आपला पक्ष कुठला तेच उमजेना. इथे निदान ज्याला मत देतो तो त्याच पक्षात राहतो. तेवढं तरी कौतुक करा.

मँचेस्टर, मूळ डोंबिवली

राहतो? नॅटली एल्फिक, डोव्हरच्या हुजूर खासदार, ८ मेला प्रश्नोत्तराच्या तासाला थेट समोर मजूर पक्षाच्या बाकावर जाऊन बसल्या. त्याआधी मार्चमध्ये ली अँडरसन हुजूर पक्षातून रिफॉर्ममध्ये गेले, आणि ते गृहस्थ मुळात मजूर पक्षाचे नगरसेवक होते.

बेसिंगस्टोक, २०१८ पासून

हॉटेल, झाडी, डोंगार तरी नाही ना!

एडिंबरा, विद्यार्थी

आपल्याला मत देता येतं हेच मला आज या धाग्यावर कळलं. नोंदणीची मुदत १८ जूनला संपली म्हणे. विश्वास उडायला आधी बसावा तरी लागतो ना. :(

लेस्टर

ज्यांची नोंदणी आहे त्यांच्यासाठी: केंद्रावर फोटो ओळखपत्र लागणार, सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदाच. भारतीय पासपोर्ट चालतो, बीआरपी (निवास परवाना) कार्ड चालतं. ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचं रेलकार्ड चालत नाही (यातून काय समजायचं ते समजा). हा कायदा जॉन्सन यांच्या सरकारचा, आणि मेमधल्या स्थानिक निवडणुकीत ओळखपत्र विसरले म्हणून केंद्रावरून परत कुणाला पाठवलं? जॉन्सन यांनाच. नंतर आणून दिलं मत.

उत्तर लंडन, १९६८ पासून

मी परत आले. आज सोमवार, १ जुलै. माझी टपाली मतपत्रिका दहा दिवसांपासून फ्रीजवर पडून आहे, वर साखरेचा डबा ठेवला आहे उडू नये म्हणून. सात नावं आहेत. एकही माणूस दारात आलेला नाही, पत्रकं मात्र सगळ्यांची आली. आज पेटीत टाकली नाही तर गुरुवारपर्यंत पोचेल का, याची खात्री नाही, आणि गुडघ्यामुळे कोपऱ्यापर्यंत जाणंही होत नाही. काय करू?

सरे, २०१४ पासून

काकू, गुरुवारी रात्री दहापर्यंत मतदान केंद्रावर हाताने देता येते. २०२४ पासून तिथे एक छोटा फॉर्म भरावा लागतो, एवढंच. मी त्या दिवशी तुमच्या बाजूलाच येणार आहे, गाडीने नेते.

उत्तर लंडन, १९६८ पासून

म्हणजे अजून तीन दिवस आहेत म्हण. ये मग. जेवूनच जा, आणि तो कालथा घेऊन ये, माझा मोडलाय.