'सेन्सर ड्रिफ्ट'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम: समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन वर्षानुवर्षं मोजणाऱ्या उपकरणांवरचा मजकूर मराठीत करतेय. 'ड्रिफ्ट'वर अडलंय, म्हणजे सेन्सरचं मोजमाप काळानुसार हळूहळू चुकत जातं ते. 'संवेदक वाहवत जातो' असं लिहिलं, तर तपासणाऱ्यानं समासात विचारलं, 'मग सापडला का?' त्याची तरी काय चूक? सेन्सर ज्या फ्लोटवर, म्हणजे समुद्रात सोडलेल्या, आपोआप खाली-वर करणाऱ्या यंत्रावर, बसवलेला असतो तो खरंच वाहत असतो. एकीनं 'अपवहन' सुचवलं. मला गटारयोजना आठवली.

लॅबवाला: ऑप्टोडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या मदतीनं ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, रंगद्रव्याचा पापुद्रा असतो. त्यावर प्रकाश टाकला की तो लाल चमकतो. ऑक्सिजन जितका जास्त, तितकी चमक मंद. हा पापुद्रा नुसता कपाटात पडून राहिला तरी बदलतो आणि पाण्यात उतरायच्या आधीच काही टक्के कमी दाखवू लागतो. वाहण्याचा संबंधच नाही. आम्ही 'रीडिंग सरकलं' म्हणतो.

सहज: महिनाभर गवसणीत राहिलेला तंबोरा 'उतरतो'. सेन्सर उतरला म्हणा की!

पाणिनीचा शेजारी: आणि जास्त दाखवू लागला तर? पारिभाषिक शब्दाला दिशा नको. 'च्युती' घ्या. 'च्यु' म्हणजे जागेवरून ढळणं.

सहज: जास्त दाखवला तर चढला. तबला चढतोही आणि उतरतोही. च्युती म्हटलं की कुणाला तरी पदावरून हाकलल्यासारखं वाटतं, इथे तर सगळं हळूहळू चाललंय.

लॅबवाला: तंबोरा उतरलाय हे कळायला पेटीचा सूर लागतो. आमची पेटी म्हणजे १८८८ सालची विंकलर पद्धत. बाटलीतल्या पाण्यात मँगनीजचा साका बसवायचा, आम्ल घातलं की आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेटनं मोजायचं. स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. पण फ्लोट एकदा दूर गेला की बाटली कोण भरणार? म्हणून काही फ्लोट वर आल्यावर सेन्सर पाण्याबाहेर काढून हवेतला ऑक्सिजन मोजतात. तो किती भरायला हवा, हे हवेच्या दाबावरून काढता येतं.

अर्धविराम: 'उतरला' आवडला, पण संपादक हसतील. आणखी एक. आर्गो या जागतिक समुद्र-निरीक्षण प्रकल्पातल्या फ्लोटच्या नोंदींना दर्जाचे आकडे असतात. १ चांगली, ४ वाईट. ३ म्हणजे 'बहुधा वाईट', पण सुधारता येण्याजोगी. 'संशयित' लिहू?

सहज: संशयित म्हटलं की पोलीस आले. 'शंकास्पद' बरं.

पाणिनीचा शेजारी: ते राहू द्या. 'विद्राव्य ऑक्सिजन' लिहिलं नाहीत ना? विद्राव्य म्हणजे विरघळू शकेल असा. साखर डब्यात असतानाही विद्राव्यच असते.

अर्धविराम: शीर्षकातच आहे.

लॅबवाला: अहवालांतही तेच लिहितात हो. रुळलाय शब्द.

पाणिनीचा शेजारी: रुळला म्हणून बरोबर ठरत नाही. 'विरघळलेला' लिहा. आणि ऑक्सिजन कशाला? प्राणवायू.

सहज: प्राणवायू आयुर्वेदातल्या पाचांपैकी एक. अपान, व्यान, उदान, समान हेही मोजणार का समुद्रात?

पाणिनीचा शेजारी: नायट्रोजनला 'नत्र' म्हणताना कुणी कुरकुरत नाही.

लॅबवाला: खताच्या पिशवीवर छापलेलं असतं म्हणून.

अर्धविराम: ड्रिफ्टचं काय लिहू? उद्या मजकूर द्यायचाय.