दारू पिऊन घोड्यावर बसल्यास कोणता गुन्हा लागतो?

पारावरचा, लोहा तालुका
माळेगावच्या यात्रेत घेतलेली घोडी काही जण बसूनच गावाकडे आणतात आणि वाटेत ढाब्यावर थांबणेही होते. घोडीला ना नंबर ना लायसन्स, त्यामुळे पिऊन बसले तरी पोलिसांना काही करता येत नाही, असे आमच्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे?

वकील, नांदेड
निम्मे खरे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास शिक्षा होते. परंतु ती मोटार वाहन चालवणाऱ्याला, म्हणजे यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनापुरती. घोडेस्वार त्यात येत नाही.

मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये (जुन्या दंडसंहितेत २७९) सार्वजनिक रस्त्यावर वाहन हाकणाऱ्याच्या जोडीला स्वारी करणाराही आहे, आणि माणसाच्या जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे स्वारी केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुसता तोंडाला वास येतो म्हणून हे कलम लागत नाही. पण लगाम ढिला आणि घोडी ट्रकला आडवी गेली, असे कोणी पाहिले असेल, तर ती नशाच स्वाराच्या अंगाशी येते. सार्वजनिक ठिकाणी नशेत उपद्रव केल्यास कलम ३५५ आहेच.

इंग्लंडमध्ये तर १८७२ च्या कायद्याने रस्त्यावर नशेत घोडा ताब्यात असणे हाच गुन्हा ठरवला आहे. आपल्याकडे तसे थेट कलम नाही.

घोडेवाला, परभणी
मी वरातीला घोडी देतो. पिलेला माणूस तोल सावरायला लगामालाच लोंबकळतो, कडियाळ, म्हणजे लगामाची तोंडातली लोखंडी कडी, घोडीच्या तोंडात रुतते आणि ती मागच्या पायांवर उभी राहते. त्यात डीजे चालू असेल तर बघायलाच नको. म्हणून नवरदेव असो की त्याचा मेहुणा, प्यालेला असेल तर मी बसू देत नाही.

पारावरचा, लोहा तालुका
मग स्वार न बसता पिऊन नुसती घोडी हाताने धरून आणली, तर?

वकील, नांदेड
तरी कलम २९१ राहते. ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला संभवणारा धोका टाळण्यात हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय घोडीला मोटारसारखा सक्तीचा विमा नसतो, त्यामुळे कोणी जखमी झाल्यास भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल.