एलएल-३७: एमआयसी १२८ च्याही वर, स्क्रॅचमध्ये पेशी मेल्या. पेप्टाइड खराब आलंय का?

एमएस्सी_भाग२

नमस्कार मंडळी. प्रबंधात एलएल-३७ (माणसाच्या शरीरात बनणारं जंतुनाशक पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) चे दोन गुण दाखवायचे आहेत: जंतू मारणं आणि जखम भरून आणणं. दोन्हीकडे गाडी अडली आहे.

पेप्टाइड कृत्रिम, टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल) क्षार, शुद्धता ९५ टक्के. १ मिग्रॅ भुकटी १ मिलि पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) विरघळवली. नॅनोड्रॉपवर (प्रकाशशोषण मोजणारं यंत्र) २८० नॅनोमीटरला मोजलं तर आकडा जवळपास शून्य.

एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा): स्टॅफिलोकोकस ऑरियस, कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथ, नेहमीची ९६ वेलची प्लेट, रात्रभर वाढवलेलं कल्चर. १२८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलाही वाढ दिसते.

स्क्रॅच (पेशींच्या थरात चर पाडून ती बुजते का ते बघणं): हाकॅट पेशी (माणसाच्या त्वचेच्या केराटिनोसाइट), सीरम नसलेलं डीएमईएम माध्यम, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. २४ तासांत चर बुजण्याऐवजी रुंद झाली, पेशी सुटून तरंगू लागल्या.

वाचलेल्या पेपरांत ५ मायक्रोमोलरलाच जंतू मरतात. पेप्टाइड परत पाठवू का?

---

जंतुशाळा

परत पाठवू नका, बहुधा चांगलंच आहे. एकेक बघू.

२८० चा शून्य आकडा बरोबरच आहे. एलएल-३७ च्या ३७ अमिनो आम्लांत ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन नाही, सिस्टीनही नाही. २८० ला शोषणार कोण? चार फिनाइलअ‍ॅलनिन आहेत, पण त्यांचा तिथे उपयोग नाही. २०५ किंवा २१४ ला मोजा, नाहीतर बीसीए (रंगावरून प्रथिन मोजणारी चाचणी) करा. नेमका आकडा हवा असेल तर अमिनो आम्ल विश्लेषण.

वजनाचाही घोळ आहे. ९५ टक्के शुद्धता म्हणजे एचपीएलसीच्या (घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) आलेखातली शुद्धता, भुकटीतलं पेप्टाइडचं प्रमाण नव्हे. या साखळीत ६ लायसिन, ५ आर्जिनिन आणि वरचं अमिनो टोक, असे १२ धन गट आहेत. प्रत्येकाला एकेक टीएफए चिकटतं. पेप्टाइडचं वस्तुमान ४४९३, त्यावर बारा गुणिले ११४ म्हणजे १३६८. हवेतली ओल धरली तर १ मिग्रॅ भुकटीत खरं पेप्टाइड ०.७ ते ०.७५ मिग्रॅच. म्हणजे तुमचे १२८ मुळात ९५ च्या आसपास होते. पुरवठादाराकडून 'नेट पेप्टाइड कंटेंट' मागवून घ्या आणि सगळे आकडे त्यावर फिरवा.

आता प्लेट. पॉलिस्टायरीन हे धनभारित पेप्टाइड ओढून घेतं. वरच्या मात्रेत फरक जाणवत नाही, खालच्या वेलमध्ये मात्र द्रावणात काही उरतच नाही. पॉलिप्रॉपिलीनची प्लेट आणि नळ्या घ्या. पीबीएसमध्ये साठवू नका. निर्जंतुक पाण्यात किंवा ०.०१ टक्का अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवा, छोटे भाग करून उणे ८० ला ठेवा, एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका.

मांडणी अशी करा: ०.०१ टक्का अ‍ॅसेटिक आम्ल अधिक ०.२ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) यात पेप्टाइडची दहापट तीव्र मालिका तयार करा. प्रत्येक वेलमध्ये ११ मायक्रोलिटर पेप्टाइड आणि १०० मायक्रोलिटर जंतू. जंतू प्रति मिलि ५ लाख सीएफयूच्या (वाढू शकणारे जिवंत जंतू) आसपास, म्हणजे ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणाचं प्रमाण) द्रावण साधारण दोनशे पट पातळ करून. १८ ते २४ तास, ३७ अंश. नुसतं बीएसए-आम्ल टाकलेली वेल नियंत्रण म्हणून ठेवाच.

ब्रॉथ कॅटायन-अ‍ॅडजस्टेड नको. त्यात कॅल्शियम लिटरला २० ते २५ मिग्रॅ आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिग्रॅ मुद्दाम ठेवलेलं असतं. नेहमीच्या प्रतिजैविकांना ते योग्य, पण इथे तेच आयन जंतूच्या ऋणभारित पृष्ठभागावर आधी जाऊन बसतात आणि पेप्टाइडची जागा अडवतात. सवयीने तीच बाटली उचलली जाते.

राहिलं कल्चर. रात्रभराच्या ऑरियसने माध्यमात ऑरिओलायसिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम सोडलेलं असतं, ते एलएल-३७ चे तुकडे करतं. वाढीच्या लॉग टप्प्यातले, म्हणजे वेगाने वाढत असलेले जंतू घ्या आणि दोनदा धुवा. एवढं करूनही ऑरियस चिवट आहे: पडद्यातल्या फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलवर एमपीआरएफ हे त्याचं प्रथिन लायसिन चढवतं, पेशीभित्तिकेतल्या टायकोइक आम्लावर डीएलटी ही प्रथिनं डी-अ‍ॅलनिन चढवतात. पृष्ठभागाचा ऋणभार घटला की धनभारित पेप्टाइड चिकटेल कशाला! म्हणून पद्धत आधी ई. कोलायवर बसवा आणि मग ऑरियसकडे वळा.

---

त्वचापेशी

त्या ५ मायक्रोमोलरबद्दल. म्हणजे सुमारे २२.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. असे आकडे बऱ्याचदा १० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये तास-दोन तास ठेवून केलेल्या मारक चाचणीचे असतात. तिथे मीठ जवळपास नाही, वाढ नाही, फक्त मरण मोजायचं. ती चाचणी आणि एमआयसी यांचे आकडे एका तक्त्यात शेजारीशेजारी लिहूच नका. आणि बफरमध्ये पेप्टाइडशिवाय ठेवलेले जंतू किती घटतात ते मोजा, नाहीतर उपासमारीचे बळी पेप्टाइडच्या खात्यात जातील.

शरीराशी जवळीक हवी असेल तर आरपीएमआय-१६४० (पेशी वाढवायचं माध्यम) मध्ये ५ टक्के एलबी (जंतू वाढवायचं माध्यम) मिसळून एमआयसी करा. त्यात बायकार्बोनेट २४ मिलिमोलर असतं. साध्या पाण्यात एलएल-३७ विस्कटलेलं असतं, बायकार्बोनेटच्या सान्निध्यात त्याचा हेलिक्स बनतो. प्लेट ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. साध्या इन्क्युबेटरमध्ये पीएच चढत जातो आणि आकडे भरकटतात.

स्क्रॅचचं उत्तर एका ओळीचं: मात्रा कितीतरी पट जास्त आहे. सीरम नसताना २० ते ५० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात केराटिनोसाइटचाच पडदा फाटायला लागतो, तुमच्या तरंगत्या पेशी त्याच्याच. जखम भरण्याचं काम पडदा फोडून होत नाही, निरोप देऊन होतं. एलएल-३७ मुळे पेशीच्या पृष्ठभागावरची मेटॅलोप्रोटिएज (प्रथिनं कापणारी एन्झाइमं) एचबी-ईजीएफ हा वाढ-घटक कापून मोकळा करतात, तो ईजीएफआर या रिसेप्टरला लागतो आणि पेशी सरकू लागतात. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना बोलावणं एफपीआर२ या रिसेप्टरमार्फत होतं.

०.१, ०.३, १, ३ आणि १० मायक्रोग्रॅम अशी मालिका लावा. पेशी पूर्ण दाटल्या की मायटोमायसिन सी (पेशींचं विभाजन थांबवणारं औषध) १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि दोन तास द्या. ते न दिल्यास पेशी सरकल्या की नुसत्या वाढल्या हे सांगता येत नाही. २०० मायक्रोलिटरच्या टिपने चर पाडा, पीबीएसने दोनदा धुवा. माध्यम सीरमविरहित, पण ०.१ टक्का बीएसए घाला, नाहीतर ०.१ मायक्रोग्रॅम पेप्टाइड प्लास्टिकच पिऊन टाकेल. फोटो ०, १२ आणि २४ तासांना, प्लेटच्या तळाला खूण करून त्याच जागेचे. सोबत ईजीएफ १० नॅनोग्रॅम प्रति मिलि, तीच अमिनो आम्लं उलटसुलट केलेलं पेप्टाइड, आणि एजी-१४७८ (ईजीएफआर अडवणारं रसायन) १ मायक्रोमोलर. एजी-१४७८ ने परिणाम पुसला गेला तर यंत्रणाही दाखवून झाली. वरच्या मात्रांना एलडीएच (फाटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजा.

पेशींसाठी टीएफए क्षार नकोच, अ‍ॅसेटेट मागवा.

---

मलमपट्टी

वरच्या दोघांशी सहमत. मात्रेचा हा खेळ माणसांतही दिसला आहे. २०१४ साली छापून आलेल्या चाचणीत शिरांच्या विकारामुळे पायावर झालेल्या, न भरणाऱ्या जखमांच्या ३४ रुग्णांना एलएल-३७ किंवा प्लासिबो आठवड्यातून दोनदा लावलं होतं. प्रति मिलि ०.५ आणि १.६ मिग्रॅ मात्रांना जखमा प्लासिबोपेक्षा लवकर भरल्या. ३.२ मिग्रॅला फरक नाही. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र एकूण रुग्णांत फायदा सिद्ध झाला नाही, मोठ्या जखमांच्या उपगटात तेवढा कल दिसला. प्रबंधात पहिलीच लिहून थांबू नका.

---

एमएस्सी_भाग२

खूप आभार. प्लेट आणि ब्रॉथ दोन्ही बदलतो. अजून एक: गाइड म्हणतात की व्हिटॅमिन डी देऊन शरीरातलंच एलएल-३७ वाढवा आणि उंदराच्या जखमेवर दाखवा. जमेल?

---

त्वचापेशी

उंदरात नाही जमणार. माणसाच्या सीएएमपी जनुकापुढे (एलएल-३७ याच जनुकातून बनतं) व्हिटॅमिन डी रिसेप्टरला बसायला जागा आहे, ती एका अलू तुकड्यातून (जीनोममध्ये विखुरलेला डीएनएचा तुकडा) आलेली आणि प्रायमेट प्राण्यांपुरती. उंदराच्या क्रॅम्प (एलएल-३७ चा उंदरातला भाऊ) जनुकापुढे ती नाही, त्यामुळे डी कितीही दिलं तरी या वाटेने ते वाढणार नाही. उंदराच्या न्यूट्रोफिलमध्ये डिफेन्सिन (जंतुनाशक पेप्टाइडांचा दुसरा गट) ही नसतात, तेव्हा तुलना आणखी लंगडी. हेच हाकॅटवर करा: १,२५-डायहायड्रॉक्सी डी३, १० ते १०० नॅनोमोलर, २४ तास, आणि सीएएमपीचा क्यूपीसीआर (जनुकाचा एमआरएनए मोजणारी चाचणी).

---

जंतुशाळा

शिवाय एमआरएनए वाढला म्हणजे एलएल-३७ वाढलं असं नाही. पेशी आधी एचकॅप-१८ हे लांब प्रथिन बनवते, त्यातून एलएल-३७ कापून निघतं. ते त्वचेत कॅलिक्रेन ५ आणि ७ या एन्झाइमांनी कापलं जातं, न्यूट्रोफिलमधून आलेलं प्रोटिनेज-३ ने. बऱ्याच एलायझा किट अखंड आणि कापलेलं एकत्रच मोजतात. वेगळं बघायचं तर ट्रिस-ट्रायसिन जेलवर वेस्टर्न (आकारानुसार प्रथिनं वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखणं) करा: १८ किलोडाल्टनला अखंड, ४.५ ला एलएल-३७. वेस्टर्नचा पडदा ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पीव्हीडीएफ घ्या, ०.४५ च्या आरपार एलएल-३७ निघून जातं. जेलवरून पडद्यावर ट्रान्सफरचा वेळही कमी करा.

---

मलमपट्टी

आणि उंदीर घ्यायचेच ठरले, तर पेप्टाइड वरून लावा आणि जखमेभोवती सिलिकॉनची कडी टाके घालून बसवा. उंदराची त्वचा सैल असते, जखम आक्रसून बंद होते. कडी नसेल तर तुम्ही नवी त्वचा नाही, आक्रसणंच मोजाल. कडी सुटलेला उंदीर गणतीतून काढायचा, हे प्राणी नैतिकता समितीच्या अर्जातच लिहून ठेवा.